म्हातारं तोंड सोपं असतं

देवपूरच्या चित्रकला कॉलेजात
मी स्टुलावर बसते, मंगळवार-शुक्रवार.
तीन तासांचे अडीचशे रुपये, चहा वेगळा.
पंखा बंद, कागद उडतात म्हणून.
एप्रिलातल्या धुळ्यात पंखा बंद.

काही करायचं नसतं, तेच अवघड.
अडतीस वर्षं तेलगिरणीत शेंगदाणे निवडले,
फोल वेगळं, कुजका वेगळा, खडा वेगळा,
आणि आता पोरं म्हणतात, मावशी, हलू नका.

पहिल्याच दिवशी फेगडे सर वर्गाला म्हणाले,
"म्हातारं तोंड सोपं असतं.
रेषा आयत्या मिळतात.
तरुण चेहऱ्यात धरायला काही नसतं, हात घसरतो."
पोरं हसली. मीही हसले.
तर म्हणाले, हसू नका, रेषा जागा सोडतात.

मग वीस कोळसे एकदम खसखसायला लागले,
पोत्याला उंदीर लागावेत तसे.

चहाच्या सुट्टीत मी रांगेनं बघत गेले.
एकानं मला रडवलं होतं.
एकानं माझ्या पाठीमागं पडकं दार काढलं होतं,
कोनाड्यात मिणमिणता दिवा.
माझ्याकडं ट्यूबलाइट आहे.
एकीनं सुरकुत्या इतक्या घातल्या होत्या
की नाक हुडकावं लागलं.
"हाई मन्हं तोंड शे का, बाप्पा?"
कुणी उत्तर दिलं नाही. बिचारी लाजली.

त्यांचा तरी काय दोष.
बँकेच्या भिंतीवर पेन्शनची जाहिरात आहे,
त्यातली म्हातारी झोक्यावर, अंगात गुलाबी स्वेटर,
बत्तीसच्या बत्तीस दात,
जशी काही म्हातारपणी सहल निघते.
नातीनं मोबाइलवर माझा फोटो काढून
बोट फिरवलं, तर मी सोललेल्या केळासारखी.
तीच म्हणाली, आजी, छान दिसतेस.
मी म्हटलं, कोण?

इथं रडणारी, तिथं दात दाखवणारी.
मधली कुणी काढतच नाही,
जिला दुपारी भूक लागते,
जी रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून भांडते.

आमची कानबाई घ्या.
नारळ माझ्या सासूच्या सासूच्या वेळचा,
हलवला की आत खोबरं खुळखुळतं.
दर श्रावणात त्यावर पुन्हा डोळे काढायचे,
कपाळ मळवटानं भरायचं, नथ घालायची.
गेल्या साली माझा हात थरथरला,
एक डोळा जरा वर गेला.
रात्रभर ती त्याच डोळ्यानं बघत बसली सगळ्यांकडं.
गल्लीभर बाया आल्या, पाया पडल्या.
म्हातारी झाली, असं कुणी म्हणालं नाही.

दाराजवळ साक्रीची हर्षाली भामरे बसते.
सारखी खोडते, सारखी नखं खाते.
तिच्या कागदावर तोंडाच्या जागी
नुसती एक हनुवटी. बाकी कोरं.
आणि खाली, मांडीत, हात.
एकावर एक, चार-पाच वेळा काढलेली बोटं,
अंगठा तर्जनीवर घासताना.
मला वाटत होतं मी दगडासारखी बसले आहे.
"मावशी, तुमचे हात थांबतच नाहीत हो."

तो कागद मागावासा वाटला.
सरांनी त्यावर लिहिलं होतं, अपूर्ण. विषय चेहरा होता.
आणि कागद गठ्ठ्यात गेला.

माझ्याआधी दोन गेली होती,
म्हणून मला जन्मताच सुपात घालून ओढलं,
नाव ठेवलं सुपडा.
फोल समजून मरण पुढं जाईल, असा हिशेब.
अजून तरी चुकलेला नाही.

शुक्रवारी पुन्हा स्टुलावर बसले.
सर म्हणाले, मावशी, आज अजिबात हलायचं नाही.
तोंड मी हलवलं नाही.